जुन्या ८ जीबी रॅमसोबत वेगळ्या वेगाची १६ जीबी रॅम बसवावी का?

अक्षरजुळणी (धागाकर्ता)

नमस्कार. घरच्या डेस्कटॉपची रॅम वाढवायची आहे. दोन दुकानांत अगदी परस्परविरोधी सल्ले मिळाले, म्हणून हा धागा काढत आहे.

संगणक २०१८ साली जोडून घेतलेला आहे. प्रोसेसर इंटेल कोअर आय५-८४००, मदरबोर्ड बी३६० चिपसेटचा, रॅमसाठी चार स्लॉट, आणि त्यांपैकी एकात ८ जीबीची एकच डीडीआर४ स्टिक. तिच्या लेबलवर ‘१आर×८ पीसी४-२४००टी’ असे छापलेले आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही.

माझे काम जुन्या मराठी नियतकालिकांची पाने स्कॅन करून ती स्वच्छ करण्याचे आहे. ए३ आकाराचे रंगीत पान ६०० डीपीआयवर स्कॅन केले की ते मेमरीत सुमारे २०९ एमबी जागा घेते, आणि डाग काढण्यासाठी त्यावर तीन-चार लेयर चढवले की एकाच पानासाठी जवळपास १ जीबी लागतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे विंडोज ११ वर आलो आहे. आता ब्राउझर आणि दोन पाने एकत्र उघडली तरी ८ जीबी भरून जातात आणि संगणक एसएसडीवर घासत बसतो.

एका दुकानदाराच्या मते रॅम कंपनी, वेग आणि आकार या तिन्ही बाबतींत जुनीसारखीच हवी, नाहीतर मदरबोर्ड जळेल. दुसऱ्याच्या मते डीडीआर४ असली की झाले, कोणतीही लावा. मला मिळत असलेली स्टिक १६ जीबी, डीडीआर४-३२००, सीएल२२ (मागितलेली माहिती मिळेपर्यंत जाणारे घड्याळाचे ठोके) अशी वेगळ्या कंपनीची आहे. रॅमच्या किमती अलीकडे फार वाढल्या आहेत, त्यामुळे जुनी ८ जीबी काढून टाकणे जिवावर येते. जाणकारांनी कारणांसह मार्गदर्शन करावे, ही विनंती.

दक्षिणवारा

तुमच्या संगणकात हे मिश्रण चालेल. मदरबोर्ड जळण्याची भीती निराधार आहे, पण दुसऱ्या दुकानदाराचे ‘कोणतीही लावा’ हेही तितकेच घातक आहे. कोणत्या गोष्टी जुळल्याच पाहिजेत आणि कोणत्या नाही जुळल्या तरी चालतात, हे वेगळे करून पाहू.

जुळलीच पाहिजे ती पिढी. डीडीआर३ च्या स्टिकला २४० पिना असतात आणि डीडीआर४ व डीडीआर५ या दोन्हींना २८८. तरीही या दोहोंची खाच वेगळ्या ठिकाणी असते, त्यामुळे चुकीची स्टिक स्लॉटमध्ये बसतच नाही. जोर लावून बसवू मात्र नये. दुसरी गोष्ट प्रकाराची. घरगुती डेस्कटॉपला साधी, म्हणजे रजिस्टर नसलेली रॅम लागते. सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर असलेली डीडीआर४ स्टिक याच स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, पण तिच्यावर तुमचा संगणक सुरू होणार नाही.

वेग आणि टायमिंग वेगळे असले तरी चालतात. प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. डीडीआर४ मध्ये तिची क्षमता ५१२ बाइट असते. ती स्टिक किती वेगाने चालू शकते आणि तिला प्रत्येक क्रियेसाठी किमान किती वेळ लागतो, याची नोंद तिच्यात असते. संगणक सुरू होताना बायोस (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) सगळ्या स्टिकांच्या नोंदी वाचतो आणि सर्वांना पेलेल असा एकच वेग ठरवतो. एका जूला बांधलेल्या बैलांची चाल मंद बैलावरून ठरते, तसेच हे आहे.

तुमच्या बाबतीत आकडे मांडून पाहू. आय५-८४०० चा मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅम हाताळणारा भाग) अधिकृतपणे २६६६ पर्यंत जातो, जुनी स्टिक २४०० ची आहे, म्हणून दोन्ही २४०० वर चालतील. तुमच्या लेबलवरचा ‘टी’ म्हणजे २४०० ला सीएल१७. नव्या स्टिकचे सीएल२२ वाचून घाबरू नका, कारण तो आकडा ३२०० च्या वेगावरचा आहे. ३२०० ला घड्याळाचा एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदांचा असतो आणि असे २२ ठोके म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद. २४०० ला ठोका ०.८३३ नॅनोसेकंदांचा होतो, तेव्हा तेवढ्याच वेळेला १६.५, म्हणजे पूर्णांकात १७ ठोके लागतात. दोन्ही स्टिका सीएल१७ वरच एकत्र येतात. कागदावर विजोड दिसणारी ही जोडी प्रत्यक्षात अगदी जवळची आहे.

यातले नुकसान एवढेच की ३२०० चे पैसे देऊन २४०० वापराल. पण तुमचा प्रोसेसर २६६६ च्या वर अधिकृतपणे जात नाही आणि बी३६० बोर्डावर रॅम ओव्हरक्लॉक करता, म्हणजे अधिकृत वेगाच्या वर चालवता येत नाही, म्हणून खरा तोटा २६६६ आणि २४०० यांच्यातलाच आहे.

लोहगड

दक्षिणवारा यांचे गणित बरोबर असले तरी निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी दुरुस्तीचे काम करतो. ‘अधूनमधून बंद पडतो’ अशी तक्रार घेऊन आलेल्या अनेक संगणकांत दोन वेगळ्या रॅम सापडतात आणि त्यांतली एक काढली की तक्रार मिटते. रॅम बनवणाऱ्या कंपन्या दोन स्टिकांचे किट एकत्र तपासून विकतात आणि दोन किट एकत्र लावू नयेत असे स्वतःच सांगतात, त्यामागे काही कारण असणारच. कामाचा संगणक असेल तर जुनी स्टिक विकून ८-८ जीबीचे किट घ्यावे. माझा सल्ला कायम हाच असतो.

दक्षिणवारा

लोहगड, तुमचा अनुभव मी नाकारत नाही, पण ते संगणक कोणत्या सेटिंगवर चालत होते हा प्रश्न निर्णायक आहे.

किट एकत्र तपासले जाते ते त्याच्या जाहिरात केलेल्या वेगावर, म्हणजे एक्सएमपी प्रोफाइलवर (बायोसमध्ये चालू करायच्या तयार सेटिंगवर). इंटेलने २००७ मध्ये ही सोय आणली, आणि एएमडीने डीडीआर५ सोबत २०२२ मध्ये एक्सपो हे तिचे भावंड आणले. डीडीआर४ चा प्रमाणित व्होल्टेज १.२ आहे. ३२०० सीएल१६ यांसारखी प्रोफाइल सहसा १.३५ व्होल्टवर चालते, म्हणजे मानकाच्या पलीकडे. तिथे प्रत्येक स्टिकच्या चिपची कुवत शेवटच्या टोकापर्यंत वापरलेली असते, आणि एका किटची वेळापत्रके दुसऱ्या किटला सोसतीलच याची कोणी हमी देऊ शकत नाही. तिथे तुमचा सल्ला शंभर टक्के योग्य आहे आणि मीही तोच देईन.

अक्षरजुळणींचा संगणक मात्र मानकाच्या आतच चालणार आहे. वेगवेगळ्या उत्पादकांच्या स्टिका एकाच बोर्डावर चालाव्यात यासाठीच तर जेडेकचे, म्हणजे मेमरीची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे, मानक आहे, आणि डीडीआर४ चे मानक २०१२ पासून प्रसिद्ध आहे. शिवाय त्यांना ८-८ च्या किटमधून १६ जीबी मिळतील, तर मिश्रणातून २४. ए३ ची पाने लेयरसह उघडणाऱ्या माणसाला हा फरक वेगातल्या दहा-अकरा टक्क्यांपेक्षा कितीतरी मोठा आहे. रॅम अपुरी पडून काम एसएसडीवर गेले की जो वेळ जातो, त्याची भरपाई रॅमचा कोणताही वेग करू शकत नाही.

तारायंत्र

चर्चेतून एक मुद्दा सुटला आहे, तो चॅनेलचा, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांच्यातल्या मार्गांचा. सध्या एकच स्टिक असल्यामुळे यांची रॅम एका ६४ बिटांच्या चॅनेलवर चालते आणि २४०० ला जास्तीत जास्त १९.२ जीबी प्रति सेकंद एवढीच वाहतूक होते. दुसऱ्या चॅनेलवर स्टिक आली की ही मर्यादा ३८.४ होते. दोन्ही स्टिका २६६६ च्या असत्या तर ती ४२.६ झाली असती. म्हणजे एका स्टिकवरून दोनवर जाण्याचा लाभ दुपटीचा आहे आणि जुनी स्टिक ठेवण्याचा तोटा त्यापुढे किरकोळ आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे पडद्यावरचे चित्रही याच रॅममधून चालते, त्यामुळे दुसरा चॅनेल यांना अधिकच जाणवेल.

आता ८ आणि १६ असे असमान आकार असताना ड्युअल चॅनेल मिळतो का, तर मिळतो. इंटेलच्या कंट्रोलरमध्ये फ्लेक्स मोड आहे. १६ मधले ८ जीबी जुन्या ८ सोबत जोडले जातात, म्हणजे १६ जीबी ड्युअल चॅनेलमध्ये चालतात आणि उरलेले ८ जीबी सिंगलमध्ये.

मात्र स्टिका योग्य स्लॉटमध्ये हव्यात. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजल्यास दुसरा आणि चौथा स्लॉट आधी भरायचा असतो. त्यांची नावे ए२ आणि बी२ अशी छापलेली असतात. पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये शेजारी-शेजारी स्टिका लावल्या तर दोन्ही एकाच चॅनेलवर जातात आणि २४ जीबी दिसूनही वेग जुनाच राहतो. बोर्डाच्या पुस्तिकेत याचे चित्र असते, ते पाहूनच बसवा.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट पाहा. १६ जीबीची स्टिक दोन प्रकारे बनते. १६ गिगाबिटच्या आठ चिप एका बाजूला असतील तर लेबलवर १आर×८ (‘आर’ म्हणजे रँक, एकत्र काम करणाऱ्या चिपांचा संच) असते, आणि ८ गिगाबिटच्या सोळा चिप दोन्ही बाजूंना असतील तर २आर×८. तुमचा बोर्ड ज्या ३०० मालिकेतला आहे, त्यातल्या अनेक बोर्डांना ३२ जीबीच्या स्टिकांचा, म्हणजेच १६ गिगाबिटच्या चिपांचा आधार नंतरच्या बायोस अद्यतनांतून मिळाला. तुमचा बायोस २०१८ चाच असेल तर १आर×८ ची स्टिक कदाचित ओळखली जाणार नाही. म्हणून जुनी स्टिक आत असतानाच बायोस अद्ययावत करा, किंवा २आर×८ ची स्टिक मागून घ्या. शक्य असेल तर दोन्ही करा.

चिपांची संख्या मोजण्याचा आणखी एक उपयोग आहे. स्टिकवर चारच मोठ्या चिप असतील तर ती १आर×१६ असते. अशा चिपांत बँक गटांची (चिपच्या आतल्या मेमरीच्या विभागांची) संख्या चारऐवजी दोनच असते, त्यामुळे त्याच वेगाला ती थोडी मंद पडते. स्वस्तात मिळणाऱ्या ८ जीबीच्या स्टिकांत हा प्रकार पुष्कळ दिसतो.

रानजाई

हा धागा अगदी वेळेवर आला. माझी अडचण अक्षरजुळणींच्या उलट आहे, कारण मी रॅम जुळवूनच घेतली होती आणि तरीही ती चालत नाही.

माझ्याकडे रायझेन ५ ३६०० आणि बी४५० चा बोर्ड आहे. दोन वर्षांपूर्वी ८-८ जीबीचे ३२०० सीएल१६ किट घेतले होते. व्हिडिओ संकलनासाठी ते अपुरे पडू लागले म्हणून त्याच कंपनीचे, त्याच नावाचे, त्याच वेगाचे दुसरे किट आणले. चारही स्लॉट भरल्यावर संगणक सुरू होतो, पण एक्सएमपी चालू ठेवले की व्हिडिओ रेंडर होत असताना ब्लू स्क्रीन येते. एक्सएमपी बंद केले की काहीच होत नाही. नवे किट सदोष आहे असे समजून परत करावे का?

तारायंत्र

रानजाई, परत करण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे नवे किट एकटेच ए२ आणि बी२ मध्ये लावून एक्सएमपीवर चालवा. ते एकटे नीट चालले तर त्यात दोष नाही, आणि तसेच होण्याची शक्यता मला अधिक वाटते.

कारण असे की तुमच्या प्रोसेसरच्या पिढीसाठी एएमडीने ३२०० हा वेग दोन स्टिकांपुरताच सांगितलेला आहे. चारही स्लॉट भरले आणि स्टिका सिंगल रँकच्या असल्या तर अधिकृत वेग २९३३ होतो, आणि डबल रँकच्या असल्या तर २६६७. चार स्टिकांचा विद्युत भार कंट्रोलरवर पडतो. त्यातच चार स्लॉटचे बहुतेक आधुनिक बोर्ड दोन स्टिकांना अनुकूल अशा पद्धतीने आखलेले असतात, त्यामुळे उरलेले दोन स्लॉट भरले की सिग्नलची शुद्धता कमी होते. म्हणजे चारही स्टिका निर्दोष असून, अगदी एकाच किटमधल्या असूनही ३२०० पेलणार नाही अशी शक्यता राहतेच.

त्यात ‘तेच नाव’ म्हणजे ‘तीच रॅम’ नव्हे. मेमरीच्या चिप प्रामुख्याने सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. स्टिक विकणाऱ्या कंपन्या त्या विकत घेतात आणि एकाच नावाच्या मालात काळानुसार वेगवेगळ्या चिप वापरतात. काही कंपन्या लेबलवर आवृत्ती क्रमांक छापतात, त्यावरून आतली चिप कळू शकते. नाहीतर सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रामच्या एसपीडी पानावर चिपचा उत्पादक आणि रँक दिसते. दोन्ही किटांची ती पाने शेजारी ठेवून पाहा.

उपाय म्हणून एक्सएमपी चालू ठेवूनच वेग हाताने २९३३ करा, व्होल्टेज १.३५ राहू द्या. ३२०० वरून २९३३ वर येण्यात आठ टक्क्यांहून थोडा अधिक वेग जातो, पण ३२ जीबी स्थिर चालतात. संकलनाच्या कामात हा सौदा मी डोळे झाकून करीन.

लोहगड

रानजाईंचे उदाहरण पाहून माझ्या दुकानातल्या तक्रारींचा उलगडा होतो. त्यांतल्या बऱ्याच संगणकांत एक्सएमपी चालूच होते. तेव्हा मिश्रण करणाऱ्याने एक्सएमपीचा आग्रह सोडावा, एवढी दुरुस्ती मी माझ्या सल्ल्यात करतो.

पण एका मुद्द्यावर मी ठाम आहे. संगणक सुरू झाला आणि विंडोजमध्ये २४ जीबी दिसले, म्हणजे मिश्रण जमले असे नव्हे. रॅममधला एखादा बिट उलटला तर दर वेळी ब्लू स्क्रीन येतेच असे नाही. तो बिट स्कॅन केलेल्या पानाचा असला तर फाइल शांतपणे बिघडलेली सेव्ह होते आणि तीच पुढे बॅकअपमध्येही जाते. अक्षरजुळणी ज्या नियतकालिकांवर काम करत आहेत, त्यांचे मूळ कागद पुन्हा हाती लागतील याची शाश्वती नसते, म्हणून हे जास्तच कळकळीने लिहितो. रॅम बदलण्याआधी मूळ स्कॅनची एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर काढून तो ड्राइव्ह बाजूला काढून ठेवा. शक्य असेल तर त्या फाइलींचे एसएचए-२५६ चेकसम (फाइल बदलली तर बदलणारा तिचा गणिती ठसा) काढून ठेवा, म्हणजे पुढे कधीही पडताळून पाहता येईल.

नंतरची तपासणी मी अशी करतो. मेमटेस्ट८६+ पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू करतो आणि चाचणी रात्रभर चालू देतो. एकही चूक चालत नाही. ‘एकच तर आली’ असे म्हणून सोडून देणारे ग्राहक पाहिले आहेत, पण निरोगी रॅममध्ये चुकांची संख्या शून्यच असते. त्यानंतर विंडोजमध्ये प्राइम९५ या ताण देणाऱ्या प्रोग्रामची ब्लेंड चाचणी काही तास चालवतो, कारण मेमटेस्टच्या वेळी प्रोसेसर थंड असतो आणि कंट्रोलरवरचा खरा ताण प्रोसेसर तापल्यावरच दिसतो. विंडोजमधील मेमरी डायग्नॉस्टिक ही सोय प्राथमिक शंकेपुरती ठीक आहे, खात्रीसाठी पुरेशी नाही.

चूक सापडलीच तर स्टिका एकेक करून त्याच स्लॉटमध्ये तपासा. एकेकट्या दोन्ही उत्तीर्ण झाल्या आणि एकत्र नापास झाल्या तर दोष जोडीचा. मग वेग एक पायरी उतरवून पुन्हा चाचणी घ्यावी.

गावकूस

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात जुनी डीडीआर३ ची यंत्रे आहेत. देणगी म्हणून आलेल्या वेगवेगळ्या स्टिका त्यांत वापरता येतील का? काहींवर डीडीआर३एल लिहिले आहे.

दक्षिणवारा

डीडीआर३ चा व्होल्टेज १.५ आणि डीडीआर३एल चा १.३५. एल ची स्टिक १.५ वरही चालते, म्हणून जुन्या बोर्डांवर दोन्ही एकत्र लावल्या तर सहसा १.५ वर चालून जातात. इंटेलच्या सहाव्या पिढीतील प्रोसेसर डीडीआर३ च्या बोर्डावर असतील तर मात्र तिथे एल च हवी, साधी १.५ ची स्टिक लावू नये.

यंत्रे जी४१ चिपसेटची असतील तर आणखी एक अडथळा आहे. तो चिपसेट ४ गिगाबिटच्या चिप ओळखत नाही, त्यामुळे एका बाजूला आठच चिप असलेली ४ जीबीची स्टिक त्यावर चालत नाही, दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिप असलेली चालते. देणगीच्या स्टिका त्या दृष्टीने वेगळ्या करून ठेवा. आणि ३२ बिटांची विंडोज असेल तर ४ जीबीच्या वर रॅम लावून उपयोग नाही, ते आधी पाहा.

नवाअध्याय

डीडीआर५ चा नवा संगणक जोडणाऱ्यांसाठी दोन ओळी लिहितो. इथे चार स्टिकांचा प्रश्न अधिक तीव्र आहे. रायझेन ७००० मालिकेत एएमडीने दोन स्टिकांना ५२०० आणि चार स्टिकांना ३६०० असा अधिकृत वेग दिला आहे. ‘आज १६-१६ घेतो, पुढे आणखी १६-१६ लावू’ हा जुना हिशेब म्हणून इथे जुळत नाही. पुढे ६४ जीबी लागणार असे वाटत असेल तर पहिल्याच वेळी ३२-३२ च्या दोन घेणे शहाणपणाचे. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. त्या वेळी बायोस टायमिंगची जुळवणी करत असतो, म्हणून घाईने वीज बंद करू नये.

रानजाई

तारायंत्र यांनी सांगितल्याप्रमाणे केले. नवे किट एकटे ३२०० वर मेमटेस्टमध्ये उत्तीर्ण झाले, जुनेही झाले. सीपीयू-झेडमध्ये दोन्ही किटांच्या चिपांचे उत्पादक वेगळे निघाले. आता चारही स्टिका २९३३ वर आहेत, रात्रभराच्या चाचणीत एकही चूक नाही आणि पूर्वी ज्या प्रकल्पावर ब्लू स्क्रीन यायची तो पूर्ण रेंडर झाला. किट परत करत नाही. मनापासून आभार.

अक्षरजुळणी (धागाकर्ता)

सर्वांच्या सूचना एकत्र करून कामाला लागलो. मूळ स्कॅन बाहेरच्या ड्राइव्हवर घेतले, चेकसम काढले, बायोस अद्ययावत केला, आणि दुकानात चिप मोजूनच २आर×८ ची १६ जीबी स्टिक घेतली. दुकानदाराला ही मागणी नवी होती, पण त्यांनी चार स्टिका काढून दाखवल्या.

बसवताना वीज तोडून पॉवरचे बटण एकदा दाबले, कॅबिनेटच्या धातूला हात लावला, जुन्या स्टिकचे संपर्क खोडरबराने पुसून घेतले. जुनी ए२ मध्ये, नवी बी२ मध्ये. मेमटेस्ट रात्रभर चालवली, चुका शून्य. प्राइम९५ ही विनातक्रार चालले. टास्क मॅनेजरमध्ये २४ जीबी आणि २४०० असे दिसते. लेयरसह पाच-सहा पाने आणि ब्राउझर एकत्र उघडे ठेवता येतात, एसएसडीवरची धडपड थांबली आहे.

दोन शंका उरल्या आहेत. सीपीयू-झेडमध्ये रॅमची फ्रीक्वेन्सी १२०० च्या आसपास दिसते, म्हणजे रॅम अर्ध्या वेगाने चालत आहे का? आणि पुढे ३२ जीबी करायचे झाल्यास उरलेल्या दोन स्लॉटमध्ये काय लावावे?

तारायंत्र

रॅम पूर्ण वेगानेच चालत आहे. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका आवर्तनात दोनदा माहिती पाठवते. सीपीयू-झेड घड्याळ दाखवते, म्हणजे १२०० मेगाहर्ट्झ, आणि टास्क मॅनेजर प्रत्यक्ष देवाणघेवाण दाखवतो, म्हणजे २४००. त्याच पानावर चॅनेलची नोंद ड्युअल आहे ना, एवढे पाहून घ्या.

३२ जीबीसाठी एक ८ जीबी स्टिक पुरे. ती जुन्या ८ च्या चॅनेलवर, म्हणजे ए१ मध्ये लावा. ए चॅनेलवर ८ आणि ८ मिळून १६, बी चॅनेलवर एकटी १६, आणि दोन्ही बाजू समान झाल्यामुळे पूर्ण ३२ जीबी ड्युअल चॅनेलमध्ये येतील. स्टिकांची संख्या समान नसली तरी चालते, चॅनेलवरची बेरीज समान हवी. नवी ८ जीबी २४०० किंवा त्याहून अधिक वेगाची कोणतीही प्रमाणित स्टिक असू द्या, १आर×८ असल्यास उत्तम, चार चिपांची टाळा. आणि ती लावल्यावर रात्रभराची चाचणी पुन्हा पहिल्यापासून घ्या, कारण तीन स्टिकांची जोडणी कंट्रोलरच्या दृष्टीने दोन स्टिकांपेक्षा वेगळी असते.